बातमी कधी पाठवावी? पान सुटण्याच्या वेळेवरून मागे मोजा

संध्याकाळी ७.४० ला जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पाने लावणाऱ्या विभागात, एक प्रेसनोट येते. मजकूर नीट, काम खरोखर मोलाचे, सोबत चार फोटो. उपसंपादकासमोर त्या वेळी पान तीन उघडे असते. त्यात महापालिकेची बातमी, एक अपघात आणि दोन चौकटी बसलेल्या असतात. खालच्या अर्ध्या पानावर जाहिरात असते. ही नोट घ्यायची तर बसलेले काहीतरी काढून पान पुन्हा लावावे लागेल, आणि ते पान साडेआठला सोडायचे, म्हणजे छपाईला पाठवायचे आहे. नोट ‘उद्या बघू’ म्हणून बाजूला पडते. उद्या तिथे उद्याच्या नोटा येतात.

हीच नोट दुपारी अडीचला आली असती तर फोटोसह तीन कॉलम मिळण्याची चांगली शक्यता होती. आरोग्य शिबिरे, शाळांमधले प्रयोग, बचत गटांची उत्पादने, गावातल्या पाणलोटाची कामे अशा कितीतरी बातम्या निव्वळ वेळ चुकल्याने वाचकांपर्यंत पोहोचत नाहीत. मोठ्या कंपन्यांकडे जनसंपर्काची माणसे असतात, त्यांना या वेळा पाठ असतात. छोट्या संस्थांना त्या कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर.

दैनिकाचा दिवस कसा चालतो

पुढच्या वेळा दैनिकागणिक अर्धा-एक तास मागेपुढे होतात, पण क्रम सगळीकडे जवळपास हाच असतो.

सकाळी ११ च्या सुमारास बातमीदारांची बैठक होते. आज कोण काय करणार हे मुख्य बातमीदार तिथे ठरवतो. तुमच्या विषयासाठी बातमीदाराने स्वतः येऊन बघावे, माणसांशी बोलावे, असे वाटत असेल तर तुमचा निरोप या बैठकीआधी, म्हणजे साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान पोहोचायला हवा. मग बैठकीत सांगायला बातमीदाराकडे एक विषय तयार असतो. बाराला फोन केलात तर दिवसाचे नियोजन झालेले असते आणि तो जिल्हा परिषदेच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या वाटेवर असतो.

बारा ते चार बीटवरची, म्हणजे नेमून दिलेल्या विषयाची किंवा भागाची फिरती. चारनंतर टायपिंग. या वेळेत बातमीदार दोन-तीन स्वतःच्या बातम्या लिहितो आणि आलेल्या नोटा आवरतो. पाचच्या आसपास जाहिरात विभागाकडून डमी येते, म्हणजे कोणत्या पानावर किती जाहिरात हे कळते आणि बातम्यांना उरलेली जागा स्पष्ट होते. साडेसहा ते साडेआठ आतली पाने लागतात. डाक आवृत्ती, म्हणजे दूरच्या गावांना जाणारा अंक, साधारण नऊ-दहाला सुटते, शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर.

म्हणून साध्या प्रेसनोटेसाठी दुपारी १ ते ३ ही सर्वांत चांगली वेळ. चारपर्यंत हरकत नाही. पाचनंतर पाठवायची तर ती बातमी त्याच दिवशी घडलेली आणि दुसऱ्या दिवशी शिळी होणारी असावी. सकाळी आठला पाठवलेली नोट लवकर गेली म्हणून फायदा होतो असेही नाही. दुपारपर्यंत ती व्हॉट्सअॅपवर पन्नास निरोपांखाली गाडली जाते.

डाक आवृत्तीचे गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जो अंक सर्वांत दूर जायचा, तो सर्वांत आधी छापला जातो. घाट उतरून कोकणातल्या आडगावी किंवा जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्याला अंक पहाटे पोहोचवायचा असेल तर गाडी रात्रीच निघावी लागते. त्यामुळे शहरातल्या कार्यक्रमाची बातमी रात्री नऊलाही कशीबशी बसू शकते, पण दूरच्या तालुक्यातल्या कार्यक्रमाची बातमी चार-पाचपर्यंत जिल्हा कार्यालयात पोहोचली नाही तर तिथल्याच लोकांना ती दुसऱ्या दिवशी दिसत नाही. तालुक्यात कार्यक्रम असेल तर दुपारी एकच्या आत मुख्य भाग संपवा. शिवाय तालुक्याचे बरेच वार्ताहर आपली शेती, दुकान, एजन्सी सांभाळून हे काम करतात आणि बातमी मोबाइलवरच टाइप करतात. त्यांना सरळ पुढे पाठवता येईल असा १५० शब्दांचा तयार मजकूर दिला तर त्यांचा तास वाचतो आणि तुमची बातमी वेळेत जाते.

ज्या दैनिकांशी तुमचा नेहमी संबंध येतो, त्यांच्या बातमीदारांना एकदाच विचारून वहीत लिहून ठेवा: “सर, आमच्या तालुक्याचं पान किती वाजता सोडता? आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?” हा प्रश्न कोणालाही आवडतो, कारण समोरच्याला आपल्या कामाची जाण आहे हे त्यातून कळते. सुट्टीच्या दिवशी त्या बीटचे कोण बघते, त्याचाही नंबर घ्या.

एक शिबिर, मागे मोजून

समजा, सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार महिलांची डोळे आणि फुफ्फुसांची मोफत तपासणी आहे, शनिवारी सकाळी १० ते ४.

आधीच्या सोमवारी सकाळी दहाला एका बातमीदाराला विषय सांगा. शिबिराची तारीख इथे दुय्यम; विषय असा मांडा की या महिलांना श्वासाचे आणि डोळ्यांचे कोणते त्रास होतात, डॉक्टर काय सांगतात, दोन महिला बोलायला तयार आहेत. यातून शुक्रवार-शनिवारपर्यंत एखादी स्वतंत्र बातमी होऊ शकते. सोमवारी सांगितले तर त्याला भेटायला तीन दिवस मिळतात. गुरुवारी सांगितले तर शिबिराची दोन ओळींची सूचना एवढेच हाती येते.

बुधवारी दुपारी दोनपर्यंत ‘शिबिर होणार आहे’ ही ८० ते १०० शब्दांची नोट सगळ्यांना. ‘शहरात आज’सारख्या कार्यक्रमांच्या सदरांचा मजकूर आदल्या दिवशी दुपारीच गोळा होतो, काही ठिकाणी दोन दिवस आधी. शुक्रवारी रात्री पाठवलेली सूचना शनिवारच्या सदरात येणे अवघड.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला, टायपिंगच्या गर्दीत बातमीदाराला न गाठता, छायाचित्रकाराला वेगळा निरोप:

“नमस्कार सर. उद्या शनिवारी कुंभारी येथे विडी कामगार महिलांची डोळे व फुफ्फुसांची मोफत तपासणी, सकाळी १० पासून. फोटोसाठी चांगली वेळ १०.३० ते ११.३०, तपासणी सुरू असेल, महिला रांगेत असतील. दीपप्रज्वलन १० ला. जागेवर भेटण्यासाठी नाव व मोबाइल खाली देत आहे. लोकेशन पाठवले आहे.”

यात त्याला हवे ते सगळे आहे. ‘प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सूत्रसंचालन’ हे सगळे असलेली रंगीत निमंत्रणपत्रिका पाठवली तर कोणत्या वेळी पोहोचले म्हणजे फोटो मिळेल, हेच त्यात सापडत नाही.

शुक्रवारी रात्रीच शनिवारची बातमी लिहून ठेवा. आकडे, पाहुण्याचे एक वाक्य आणि उपस्थितांची नावे यांच्या जागा रिकाम्या ठेवा. कार्यक्रम झाल्यावर लिहायला बसायचे ठरवले की मंडप आवरणे, डॉक्टरांचे जेवण, पाहुण्यांना निरोप यात पाच वाजतात. उशिरा येणाऱ्या नोटांचे मुख्य कारण हेच. रिकाम्या जागा भरायला पंधरा मिनिटे पुरतात. दीड वाजता बातमी जाऊ द्या: ‘दुपारी एकपर्यंत इतक्या महिलांची तपासणी’. चारनंतर अंतिम आकडा फार वेगळा निघाला तरच सव्वापाचपर्यंत एका ओळीत कळवा. पूर्ण नोट पुन्हा पाठवू नका. दोन नोटा, दोन आकडे समोर आले की डेस्क गोंधळतो आणि चुकीचा आकडा छापून येतो.

पाहुणे उशिरा येणार हे गृहीत धरा. मंत्री किंवा आमदार दहाला येतो म्हणाले आणि साडेबाराला आले तर छायाचित्रकार थांबत नाही, त्याला पुढे आणखी तीन ठिकाणी जायचे असते. त्यामुळे तपासणीचा फोटो पाहुण्यांवर अवलंबून ठेवू नका. ठरल्या वेळी काम सुरू करा. उद्घाटन नंतर होऊ शकते.

वेळेवर पोहोचूनही राहून जाते, ते का

मजकूर श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चिन्हे दिसतात. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की काने, वेलांट्या, जोडाक्षरे विस्कटतात. लेटरहेडवर टाइप करून काढलेला फोटो तर पूर्ण नव्याने टाइप करावा लागतो. दुपारी दोनला हे कोणी करेलही, सहाला करणार नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या आत सरळ लिहिलेला किंवा वर्ड फाइलमध्ये द्या आणि तोच व्हॉट्सअॅपवर साधा निरोप म्हणून पाठवा.

फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवला की त्याचा आकार घटतो आणि छपाईत चेहरे धुरकट येतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दोन पुरेत, एक आडवा आणि एक उभा. फोटोओळ त्याच निरोपात हवी, नावे डावीकडून उजवीकडे. नावे विचारायला बातमीदाराला फोन करावा लागला आणि तुम्ही तो उचलला नाहीत की फोटो गेला. नोट पाठवल्यापासून रात्री दहापर्यंत फोन चालू आणि हाताशी असावा.

पत्रकार परिषद

सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा. चार-साडेचारही चालते, पण त्यानंतर नाही. पाचला ठेवली तर सहाला संपते, बातमीदार कार्यालयात पोहोचेपर्यंत सात, आणि तोवर पाने भरत आलेली असतात. निमंत्रण दोन दिवस आधी, आठवण आदल्या संध्याकाळी. पत्रकार संघाच्या सभागृहात घेत असाल तर त्या दिवशी आधी-नंतर कोणाची परिषद आहे हे नोंदणी करतानाच विचारा. एखाद्या मोठ्या नेत्याची परिषद तुमच्या लगेच नंतर असेल तर तुमच्याकडे लक्ष नसते. त्याच्या आधी दीड तास असेल तर मात्र चांगली उपस्थिती मिळते.

मनापासून सांगायचे तर निम्म्या पत्रकार परिषदा अनावश्यक असतात. प्रश्न विचारण्यासारखे काही नसेल तर नोट पाठवा. उगाच बोलावलेला बातमीदार पुढच्या वेळी, खरी गरज असताना, येत नाही.

वार आणि सुट्ट्या

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवारी मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालय बंद, न्यायालयांचे कामही जवळपास थांबलेले. त्यामुळे रविवारच्या आणि विशेषतः सोमवारच्या अंकासाठी सरकारी बातम्यांचा ओघ आटतो. आकडेवारी, पाहणी, एखाद्या प्रश्नाचा अभ्यास अशी तारखेला बांधलेली नसलेली बातमी तुमच्याकडे असेल तर ती शुक्रवारी दुपारी बातमीदाराच्या हाती द्या आणि ‘सोमवारच्या अंकासाठी’ असे सांगा. त्याला रविवारी करायला काम मिळते, तुम्हाला जागा मिळते. उलट सत्कार, वर्धापनदिन, पुस्तक प्रकाशन अशा कार्यक्रमांची गर्दी रविवारीच असते. त्या रांगेत तुमचा कार्यक्रम विसावा ठरतो. तो बुधवारी घेता येत असेल तर अवश्य घ्या.

प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि दिवाळीसारख्या मोजक्या दिवशी दैनिकांची कार्यालये बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. १५ ऑगस्टचा कार्यक्रम मग १७ च्या अंकात येतो, आणि तेव्हा दोन दिवसांच्या बातम्या एका अंकात कोंबलेल्या असतात. ध्वजवंदनाच्या कार्यक्रमात वृक्षारोपण, दाखले वाटप असे काही महत्त्वाचे जोडले असेल तर ते १३ ला उरकून १४ च्या अंकात आणा. इतर सणांच्या सुट्ट्या दैनिकागणिक बदलतात. आदल्या अंकात पहिल्या पानावर सूचना असते.

वर्षभराचे पंचांग

कॅलेंडरवर आधी हे दिवस लाल करा. १ फेब्रुवारीचा केंद्रीय अर्थसंकल्प: त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी इतर कशालाही जागा नसते. विधिमंडळाची अधिवेशने: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. हिवाळी अधिवेशनात मुंबईचे राजकीय बातमीदार नागपूरला गेलेले असतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर मुंबईत काही ठेवू नका. ६ डिसेंबरला दादर परिसर. आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामी असताना तिथले बातमीदार आणि छायाचित्रकार पालखीबरोबर. अनंत चतुर्दशी आणि दुसरा दिवसही, कारण पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. आणि ६ जानेवारी: १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची सुरुवात झाल्याचा हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात, गावोगावी पत्रकारांचे सत्कार असतात. त्या दिवशी शुभेच्छा द्या, नोट देऊ नका.

निवडणूक जाहीर झाली की निकालापर्यंत आचारसंहिता असते. मंत्री, पालकमंत्री पाहुणे असलेला कार्यक्रम अडचणीत येतो आणि पानेही राजकारणाने भरतात. पाहुण्यांची तारीख घेण्याआधी निवडणुकीचा अंदाज घ्या.

याउलट काही दिवस विषयच मागत असतात. दहावी-बारावीचा निकाल बहुधा दुपारी एकला लागतो. करिअर समुपदेशकाचा, फेरपरीक्षेच्या मार्गदर्शनाचा, निकालानंतरच्या ताणाबद्दल बोलू शकणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा मजकूर आदल्या दिवशी बातमीदाराकडे असावा. मुंबईत रस्त्यांवर पाणी तुंबले की लेप्टोस्पायरोसिसचा विषय त्याच दिवशी निघतो. तुमच्या रुग्णालयातले डॉक्टर बोलणार असतील तर दुपारी तीनपर्यंत त्यांचे नाव, नंबर आणि पाच नेमक्या ओळी द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्या तर ते काम दुसऱ्या डॉक्टरांनी केलेले असते.

‘दिनविशेष’ हा मोठा सापळा आहे. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन आणि बालदिन, ८ मार्चला महिला दिन; त्या दिवशी प्रत्येक दैनिकाकडे ढीग असतो. महिला दिनाच्या विशेष पानांचे नियोजन फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा विषय सुचवा. रविवारच्या पुरवणीसाठी किमान दहा-पंधरा दिवस आधी. पुरवणी आठवड्याच्या मध्यालाच लागते, गुरुवारी पाठवलेले रविवारी येत नाही. दिवाळी अंकांसाठी तर मे-जूनपासून बोलणी करावी लागतात. गणपतीत जागे झालात तर उशीर झाला.

ठरावीक वेळेआधी छापू नका, असे सांगायचे असेल तर

वैद्यकीय अभ्यास, पुरस्काराची घोषणा, मोठी देणगी अशी बातमी आधी देऊन अमुक दिवसापर्यंत रोखून ठेवायची असते. पहिल्याच ओळीत ठळक लिहा: ‘गुरुवार, सकाळी ६ पर्यंत प्रसिद्ध करू नये. छापील अंक: गुरुवार. वेबसाइट: गुरुवारी सकाळी ६ नंतर.’ वेबसाइटची वेळ वेगळी लिहिली नाही तर बुधवारी रात्रीच बातमी वेबवर चढते आणि इतर दैनिके छापील अंकातून ती वगळतात. आधी फोन करून समोरच्याचा होकार घ्या, मगच मजकूर पाठवा. आणि अशी बातमी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. ग्रुपवर गेलेले फुटलेच म्हणून समजा.

एकाच दैनिकाला विशेष बातमी द्यायची असेल तर त्याला तारीख विचारून घ्या आणि इतरांना ती छापून आल्यानंतरच, वेगळ्या तपशिलासह द्या. दोघांना ‘फक्त तुम्हालाच’ सांगितले आणि दोघांनीही छापले, तर दोघेही दुखावतात, आणि त्यांची चूक नसते.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना वेळ निवडायची मोकळीक कमी असते. संचालक मंडळाच्या बैठकीतले निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत बाजाराला कळवावे लागतात; बाजाराची वेळ संपल्यावर बैठक संपली तर बहुतेक वेळा ३ तास मिळतात. माध्यमांना मजकूर त्यानंतरच. बाजार ३.३० ला बंद होतो, म्हणजे चारला संपलेल्या बैठकीची मराठी नोट इंग्रजीबरोबर तयार असेल तर पाचपर्यंत डेस्कवर जाते. भाषांतराला नंतर दिली तर रात्री नऊ. तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक ६० दिवसांत द्यायचे असल्याने १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे च्या आधीचे दोन-तीन दिवस प्रचंड गर्दीचे. छोट्या कंपनीने आठवडाभर आधीची बैठक ठरवावी.

वाहिन्या आणि वेब

वाहिनीला निमंत्रण आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत असाइनमेंट डेस्कला (कॅमेरा कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या विभागाला) आणि स्थानिक प्रतिनिधीला, दोघांनाही. सकाळी आठला पुन्हा एक ओळ. कॅमेरा येणार नसेल तर आडवे चित्रीकरण स्वतः करा: तीस-चाळीस सेकंदांची तीन-चार दृश्ये, वीस सेकंदांची एक बाइट (कॅमेऱ्यासमोर बोललेले वाक्य), संगीत न लावता. कार्यक्रमानंतर तासाभरात पाठवा. वेबला वेळेचे बंधन कमी, पण तिथे तुमची बातमी दुपारीच आली तर छापील अंकाचा रस कमी होतो. ज्या दैनिकाच्या छापील पानावर खरा भर आहे, त्याला आधी विचारा.

पाठपुरावा

नोट पोहोचली का, एवढे विचारायला एक व्हॉट्सअॅप निरोप पुरे. फोन करायचाच तर दुपारी साडेतीनच्या आत. पाच ते नऊ या वेळेत चुकीची दुरुस्ती सोडून कशासाठीही फोन करू नका. बातमी लागली नाही तर दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास, बैठक संपल्यावर, “मजकुरात काही कमी पडलं का?” असे विचारा. ‘का लावली नाही’ असे विचारू नका, आणि बातमीदाराला डावलून संपादकांना तर अजिबात फोन करू नका. दोन दिवसांनी तीच नोट ‘नुकताच’ हा शब्द घालून पुन्हा पाठवणे डेस्कला लगेच ओळखू येते. नवा आकडा, नवा माणूस, पुढचे पाऊल असे काही असेल तरच पुन्हा जा.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठी

न्यू जर्सीत शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू झालेला कार्यक्रम उन्हाळ्यात भारतातल्या रविवारी पहाटे साडेतीनला सुरू होतो, हिवाळ्यात साडेचारला. म्हणजे बातमी सोमवारच्या अंकाची. तुमच्याकडे शनिवारची रात्र आहे तोवर, कार्यक्रम संपल्यावर झोपण्याआधी मजकूर आणि फोटो पाठवा; भारतात रविवारी सकाळचे आठ-नऊ वाजलेले असतील आणि डेस्कला पूर्ण दिवस मिळेल. रविवारी सकाळी उठून निवांत दहाला पाठवलात तर इथे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. लंडनमधून अंतर कमी, उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास. तिथला रविवार दुपारचा कार्यक्रम सोमवारच्या अंकात येणे कठीण, त्यामुळे नोट मंगळवारच्या अंकासाठी सोमवारी सकाळी, लंडनच्या नऊच्या आत पाठवा. आणि बातमी मुंबईच्या सर्वसाधारण मेलवर टाकण्याऐवजी कार्यकर्ते मूळ ज्या जिल्ह्यातले, त्या जिल्हा आवृत्तीला द्या, गावाच्या नावासकट.